जकात दिली, म्हणजे जबाबदारी संपली?

गेल्या रमजानमध्ये जुहूच्या एका हॉलमध्ये इफ्तार होती. सोबत तरुणांसाठी ‘मार्गदर्शन’ही ठेवलं होतं. वक्ते मोठ्या पगाराचे, बोलणं गोड. ते म्हणाले, गरिबी खिशात नसते, डोक्यात असते. ज्यानं विचार बदलला त्याचं नशीब बदललं. आपली कौम मागे आहे कारण आपण आळशी आहोत. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या मुलानं मोबाइलवर रेकॉर्डही केलं.

मी टाळी वाजवली नाही. कारण हॉलच्या मागच्या दाराशी, भांड्यांच्या ढिगाजवळ माझी अम्मी बसली होती. यजमानांच्या घरी ती अकरा वर्षं स्वयंपाक करते. त्या दिवशी रोजा असूनही ती सकाळी सहाला जुहू गल्लीतल्या आमच्या खोलीतून निघाली होती. मगरिबची अजान झाली तेव्हा तिच्या हातात खजूर नव्हता, पातेलं होतं. तिच्या डोक्यात काय बदलायचं राहिलं आहे, हे मला त्या वक्त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. म्हणून हा लेख.

दरवर्षी रमजानमध्ये यजमानांकडून अम्मीला राशनचं किट आणि जकातीचा लिफाफा मिळतो. ती दुआ देते. पण दोन वर्षांपूर्वी तिनं महिन्याला पाचशे रुपये वाढवून मागितले, तर उत्तर मिळालं, “आपा, महंगाई तो हमारे लिए भी है।” ताप आला म्हणून चार दिवस घरी राहिली, तर चार दिवसांचे पैसे कापले. त्याच महिन्यात किट आलं. कापलेले पैसे आणि किटाची किंमत यांत फार फरक नव्हता.

मित्रहो, माझं भांडण त्या एका घराशी नाही. तिथली माणसं वाईट नाहीत. माझं भांडण त्या समजुतीशी आहे, जी गरिबाला मदत करताना तो गरीब का आहे हे विचारू देत नाही.

नशीब की व्यवस्था?

माझे दादा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात घरची दोन जनावरं गेली, विहीर आटली. दादी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी खाऊन, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी खाऊन त्या वर्षी मराठवाडा जगला. पुढच्या वर्षी दादा मुंबईला आले आणि विलेपार्ल्याच्या बांधकामांवर मजूर झाले. जुहूच्या कित्येक इमारतींच्या भिंती अशाच दुष्काळातून आलेल्या हातांनी उभ्या केल्या आहेत.

आता वक्त्यांच्या हिशेबानं सांगा, 1971 साली कष्टाळू असलेले माझे दादा 1972 साली अचानक आळशी झाले का?

त्याच काळात आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही पाऊस पडला नाही. माली, नायजर, चाड हे मुस्लिमबहुल किंवा मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेले देश. तिथं माणसं मोठ्या संख्येनं भुकेनं मेली. ज्यां द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी या दोन दुष्काळांची तुलना केली आहे. त्यातून दिसतं ते असं की, महाराष्ट्रात त्या वर्षी माणशी धान्याचं उत्पादन साहेलच्या सरासरीपेक्षाही कमी होतं. तरीही इथं तसा मृत्यूंचा डोंगर उभा राहिला नाही. आपल्याकडे धान्य जास्त होतं म्हणून नव्हे, तर माणसांच्या हाताला काम आणि कामाचा पैसा मिळाला म्हणून. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते.

हे काम सरकारनं दयेपोटी दिलं असं समजू नका. गावोगावी मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, मजुरी थकली तर लोक रस्त्यावर बसले. इकडे मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध उतरल्या. वर्तमानपत्रं लिहीत होती, विरोधी पक्ष बोलत होते. पाऊस आपल्या हातात नव्हता. पुढचं सगळं माणसांच्या हातात होतं.

पगाराच्या पावतीवरचे 200 रुपये

या दुष्काळातून एक गोष्ट निघाली, जी मला आजच्या तरुणांना मुद्दाम सांगायची आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला. ‘मागेल त्याला काम’ ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. 2005 मध्ये देशानं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याची प्रेरणा इथलीच.

पण पैसा कुठून आला? त्यासाठी 1975 मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिकांकडून तो घ्यायचा, सरकारनं तितकीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. मी आमच्या घरातली पहिली पगारदार. अंधेरीच्या ऑफिसमधून पहिली पगाराची पावती मिळाली, तेव्हा ‘प्रोफेशन टॅक्स 200’ या ओळीवर मी चिडले होते. दर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. हे कसले पैसे, म्हणून शोधायला गेले आणि दादीच्या खडीपर्यंत पोचले.

विचार करा. जुहूच्या बंगल्यातला डॉक्टर आणि आष्टीच्या बांधावरची बाई यांना या एका ओळीनं कायद्यानं जोडलं. डॉक्टरला दया येवो न येवो. बाईला त्याचे आभार मानायची गरज नाही, फोटो काढून द्यायची गरज नाही. योजनेत चोऱ्या झाल्या, खोटी हजेरी भरली गेली, मजुरी महिनोन् महिने थकली, हे सगळं खरं. पण चोरी झाली म्हणून हक्क खोटा ठरत नाही. चोराला पकडायचं असतं.

जगाचंही गणित तेच

हेच गणित जगाला लावून बघा. 1990 मध्ये जगातली तीनपैकी एकाहून अधिक माणसं अत्यंत गरिबीत होती. कोविडच्या आधी हे प्रमाण दहापैकी एकाच्याही खाली आलं. त्यात चीनचा वाटा मोठा, भारताचाही मोठा. 2005-06 ते 2019-21 या काळात भारतात 41.5 कोटी लोक बहुआयामी गरिबीतून बाहेर आले, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. तीस वर्षांत शंभर कोटींहून अधिक माणसांची ‘मानसिकता’ एकदम बदलली का? शाळा, रस्ते, लसी, रोजगार, जमिनीचे कायदे, धान्याचं रेशन, यांनी ते घडवलं.

मग उरलेले गरीब का उरले? दादाभाई नौरोजींनी 1901 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हिशेब मांडून दाखवलं होतं की, भारताची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते आहे. त्याच्याही आधी, 1883 मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना गोऱ्या सरकारसोबत घरच्या सावकार, भट, कामगारांनाही सोडलं नव्हतं. मला या दोघांचा मेळ हवा आहे. गरिबीला बाहेरचा हात असतो आणि घरातलाही.

बाहेरचा हात आजही आहे. जगातले 330 कोटींहून अधिक लोक अशा देशांत राहतात, जिथं सरकार कर्जाच्या व्याजावर जितकं खर्च करतं तितकं शिक्षणावर किंवा आरोग्यावर करत नाही. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 1970 मध्ये ठरलं. अर्धशतक उलटलं; नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश सोडले तर बहुतेकांनी तो शब्द पाळला नाही. 2013 मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला आणि 1,100 हून अधिक कामगार गेले. ते शिवत होते ते कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी होते. स्वस्त शर्टाची खरी किंमत कुणीतरी मोजतच असतं.

इथपर्यंत आपण सगळे मान डोलावतो. पश्चिमेला शिव्या घालणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. घरातल्या हाताचं काय? उम्मतच्या गप्पा मारणाऱ्या जगात काही सर्वांत श्रीमंत देश मुस्लिम आहेत आणि येमेन, सोमालियासारखे सर्वांत गरीबही. कोकणातून, मराठवाड्यातून आखातात गेलेल्या आपल्या भावांना विचारा, ‘कफील’ म्हणजे काय आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात असतो. नमाजची सफ एकच असते. पगाराचा दिवस एक नसतो.

आपला हिशेब

आता जुहूत परत येऊ. जकात आपल्या दीनमध्ये ऐच्छिक दानधर्म नाही. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब, वर्षभर राहिलेल्या मालावर अडीच टक्के, आणि ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआननं ठरवून दिले. त्यात फकीर-मिस्कीन आहेत, तसे कर्जात बुडालेलेही आहेत, गुलामीतून सुटू पाहणारेही आहेत. जकात गोळा करणाऱ्यांचा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे तिची व्यवस्था असायला हवी. पहिले खलिफा हजरत अबू बक्र जकात नाकारणाऱ्यांशी लढायला निघाले, ते काही राशनच्या किटासाठी नाही. तो समाजाच्या हक्काचा प्रश्न होता.

आपण तिचं काय केलं? लिफाफे केले. प्रत्येकानं आपापला गरीब निवडला, आपापली दुआ घेतली. कर्जदाराचं कर्ज तसंच राहिलं, म्हणून पुढच्या रमजानला तीच बाई त्याच दारात उभी. आणि मजुरीत कपात करून जकात देणं तर सरळ हिशेबातली गडबड आहे. जकात मजुरीच्या बदल्यात धरता येत नाही, हे कुठलाही आलिम सांगेल. घाम सुकायच्या आत मजुरी द्यायची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. ती ताकीद आधी, लिफाफा नंतर.

वक्फचं उदाहरण तर आणखी बोचरं आहे. सच्चर समितीनं 2006 मध्ये सांगितलं की, देशात 4.9 लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आहेत आणि त्यांचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम 163 कोटी रुपये. नीट वापर झाला आणि बाजारभावाच्या दहा टक्के परतावा मिळाला तर हेच उत्पन्न 12,000 कोटी होऊ शकलं असतं. यात सरकारी खात्यांनी बळकावलेल्या जमिनी आहेत, तशा आपल्याच मुतवल्लींनी नाममात्र भाड्यानं दिलेल्याही आहेत. सरकारला जाब विचारायचा, तर आपल्या ट्रस्टलाही विचारायचा.

“म्हणजे सरकार सुटलं का?” असं कुणी म्हणेल. अजिबात नाही. 2022 मध्ये केंद्रानं अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली आणि मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. ते पैसे खैरात नव्हते. आपण भरलेल्या करातलेच होते. उलट, समाजानं फी भरली म्हणजे सरकारनं हात झटकायचे, हे चालू द्यायचं नाही. जकात हा सरकारच्या जबाबदारीला पर्याय नाही आणि सरकारची जबाबदारी ही मालकाच्या मजुरीला पर्याय नाही. तिन्ही हिशेब वेगळे. तिन्ही चुकते झाले पाहिजेत.

मग करायचं काय?

मोठे उपाय मोठ्या लोकांसाठी. आपल्या हातातले सांगते.

घरात कुणी कामाला येत असेल तर आठवड्याची एक सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा आणि दरवर्षीची वाढ कागदावर लिहा. महाराष्ट्रात 2008 पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे; आपल्या घरातल्या, गल्लीतल्या बायकांची नोंदणी करून द्या. तुमच्या मोबाइलवर अर्ध्या तासाचं आणि झेरॉक्सच्या दुकानात एका फेरीचं काम आहे. घरकामगारांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2011 मध्ये करार केला, त्याला भारतानं अजून मंजुरी दिलेली नाही, हे आपल्या खासदाराला विचारा.

मोहल्ल्याची जकात एकत्र करा. हिशेब मस्जिदीच्या फळ्यावर लावा. शंभर किटांपेक्षा दहा घरांचं कर्ज फेडा, पाच मुलींची फी भरा आणि पुढच्या वर्षी त्यांतली किती घरं जकात घेण्याऐवजी देण्याच्या बाजूला आली ते मोजा. ज्या दिवशी ही मोजणी सुरू होईल, त्या दिवशी कौम मागे का, यावर भाषण द्यायची गरज उरणार नाही.

ईदनंतर मी अम्मीसोबत त्या घरी गेले. वक्त्यांना जे विचारलं नाही ते यजमानांना विचारलं, आवाज न चढवता. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी महिन्याला दोन भरपगारी रजा ठरल्या. पाचशे रुपयांचं उत्तर अजून आलेलं नाही.

परतताना अम्मी रिक्षात म्हणाली, “तू बोलली ते बरं केलं. पण पुढच्या रमजानला किट नाही दिलं तर?”

मी म्हटलं, “अम्मी, तुझ्या हक्काचा पगार मिळाला तर किट तू देशील.”

ती हसली नाही. बोटांवर काहीतरी मोजत राहिली. हिशेब तिचाही चालू झाला होता.