नाव तेच, पीठ वेगळं

परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जा, सॉफ्टवेअरवाला भेटल्याशिवाय प्रसाद मिळत नाही. यातल्या अनेकांचा दिवस दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून सुरू होतो आणि ते लॉगिन बहुतेक वेळा ओपनएसएसएच या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधून होतं. हा प्रोग्रॅम मुळात लिनक्ससाठी लिहिलेलाच नाही, हे मात्र रोज वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

१९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी तो आपल्यापुरता बनवला. काम आजही दोन गटांत चालतं. एक गट फक्त ओपनबीएसडीसाठी, शक्य तितकं सुटसुटीत लिहितो. दुसरा तेच घेऊन लिनक्स, मॅक वगैरेंवर चालेल असं करतो. ९.८पी१ अशा आकड्यातला 'पी' हा या दुसऱ्या गटाचा, पोर्टेबलचा.

हे पोर्टिंग म्हणजे काय, ते परदेशात पहिल्यांदा पुरणपोळी केलेल्यांना वेगळं सांगायला नको. आईने फोनवर सांगितलेली कृती तंतोतंत तीच, पण इथल्या पिशवीवर 'गव्हाचं पीठ' लिहिलेलं असलं तरी आतलं पीठ वेगळं. पोळी फुटतेच.

जुलै २०२४ मध्ये नेमकं हेच झालं. ओपनएसएसएचमध्ये एक गंभीर भोक सापडलं. ठरलेल्या वेळेत लॉगिन पूर्ण झालं नाही की प्रोग्रॅम गजर वाजल्यासारखा मध्येच थांबतो आणि नोंद लिहायला जातो. ओपनबीएसडीवर अशा अवेळी नोंद लिहिण्यासाठी सुरक्षित सोय २००१ पासून आहे. लिनक्सवर नोंद लिहिणारं जे नेहमीचं फंक्शन आहे, ते अवेळी बोलावणं धोक्याचं. हा दोष २००६ मध्ये एकदा बुजवलेला होता. पुढे २०२० मध्ये कोड आवरताना ते ठिगळ नकळत निघालं आणि भोक पुन्हा उघडं पडलं. मूळ घरी काहीच बिघडलं नव्हतं, बिघडलं ते पोर्ट केलेल्या घरी.

त्याच वर्षी मार्चमधलं एक्सझेड प्रकरण तर याहून बोलकं. ओपनएसएसएच एक्सझेड वापरतच नाही. पण 'सर्व्हर सुरू झाला' एवढा निरोप सिस्टीमडीला देता यावा म्हणून काही लिनक्स वितरणांनी आपापला पॅच लावला होता, त्यासोबत एक लायब्ररी आली आणि त्या लायब्ररीमागून एक्सझेड. एक्सझेड सांभाळणारा एकटा, थकलेला माणूस. त्याच्या मदतीला आलेल्या 'स्वयंसेवका'ने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून पाहिलं, तेव्हा ते उघडकीला आलं. नशीब म्हणायचं. पुढे ९.८ मध्ये तो निरोप देण्याची सोय कुठल्याही जादा लायब्ररीशिवाय मूळ पोर्टेबल आवृत्तीतच करण्यात आली. म्हणजे काम होण्यासारखं होतं. ते आधीच सगळ्यांनी मिळून एका जागी केलं असतं, तर या वाटेने चोर शिरला नसता.

माझं म्हणणं असं, की पोर्टिंगमध्ये कोड लिहिणं हा निम्मा भाग आणि कदाचित सोपा. अवघड काम मधल्या माणसाचं. कुणाकडे कुठला पॅच पडलाय, तो मूळ प्रकल्पाला पाठवलाय का, त्यांनी नाही म्हटलं तर का, तिकडे एक ओळ बदलली तर इकडे काय मोडेल, हे धरून ठेवणारा कुणीतरी लागतो. आपल्याकडे या कामाला प्रतिष्ठा नाही. मुलाखतीत आपण उमेदवाराला 'नवीन काय बनवलंत?' असं विचारतो. तीन वर्षं दुसऱ्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टीमवर नीट चालत ठेवला, असं तो म्हणाला तर पुढचा प्रश्न सुचत नाही. (मॅनेजरच्या खुर्चीत बसलेले मराठीजन थोडे नाहीत, त्यांनी हे मनावर घ्यावं.)

'कंपन्या फुकटचं वापरतात, पैसे देत नाहीत' ही तक्रार खरी आहे, पण पैशाने सगळं होत नाही. वाटाघाटी करणारं, मेलला उत्तर देणारं माणूस लागतं, आणि तासभर वेळ आठवड्याला काढणं आपल्यापैकी पुष्कळांना जमण्यासारखं आहे. सुरुवात घरातूनच करता येते. तुमच्या कंपनीत खुल्या प्रोग्रॅमवर लावलेले, पण मूळ प्रकल्पाला कधीच न पाठवलेले पॅच किती आहेत, ते सोमवारी टीममध्ये विचारून बघा. एखादा तरी निघेल, आणि तो लावणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला असेल. तो पाठवायचं ठरवलंत तर आधी कंपनीची लेखी परवानगी मात्र घ्या. करारपत्रातलं ते कलम सही करताना आपण कुणीच वाचलेलं नसतं.