रेवाचिनी

मंडळी, यावेळचा विषय जेवताना वाचू नका: बद्धकोष्ठ.

शनवाऱ्यात आमचे आबा रोज रात्री चूर्ण घेतात. डबीवर सोनामुखी आणि रेवाचिनी लिहिलेलं आहे. रेवाचिनीतलं ‘चिनी’ म्हणजे चीनचंच; आपल्याकडची मुळं मात्र हिमालयातली. चीनमध्ये तिच्या बहिणीला दा-हुआंग म्हणतात, म्हणजे ‘मोठं पिवळं’. सोनामुखी आणि दा-हुआंग दोन्हींत सेनोसाइड असतं. ते आतड्याला जोर लावायला लावतं.

पण चिनी वैद्य ते सरसकट देत नाहीत. आधी बद्धकोष्ठ कसलं ते बघतात. उष्णतेचं असेल तर दा-हुआंग. म्हातारपणी आतडी कोरडी पडली असतील तर भांगेच्या बियांसारखं तेलकट, वंगणाचं औषध. (आमच्या धंद्यात सांगायचं तर, एरर न वाचता रोज रीस्टार्ट नाही!) सुयांचाही उपाय आहे. २०१६ साली छापलेल्या १०७५ चिनी रुग्णांच्या चाचणीत विजेच्या सुयांनी सुमारे ३१ टक्क्यांना गुण आला, नुसत्या वरवरच्या सुयांनी १२ टक्क्यांना.

सोनामुखी वर्षानुवर्षं घेतली की आतड्याचं अस्तर काळपट पडतं. बंद केल्यावर ते बहुधा निवळतं. म्हणून आबांना इसबगोल सुचवला, वर भरपूर पाणी.

“अरे, झाडपाल्याचंच आहे ना?” आबा म्हणाले.

रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र चूर्ण-इसबगोल दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर.