'रेफर' म्हणजे उपचार नव्हे

वर्धा जिल्ह्यात अपघातातल्या जखमीच्या नातेवाइकांना सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा शब्द कोणता? 'रेफर'. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात रेफर, तिथून वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात रेफर, तिथून सेवाग्राम नाहीतर सावंगी, आणि कधी कधी तिथूनही नागपूर. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की डॉक्टरांनी रेफर केलं म्हणजे काहीतरी केलं, असं आपण समजून चालतो. मला आज अगदी उलट सांगायचं आहे. रक्तस्राव न थांबवता, श्वासाचा मार्ग मोकळा न करता आणि पुढच्या रुग्णालयाला एक फोनही न करता हातात दिलेली चिठ्ठी हा उपचार नव्हे. ते जबाबदारी झटकणं आहे, फक्त लेटरहेडवर लिहिलेलं.

माझ्या काही डॉक्टर मित्रांना हे झोंबेल. झोंबू द्या.

आधी आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. मोठ्या रुग्णालयांच्या बाबतीत आपण गरीब नाही. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे, सावंगीचं १९९० पासून, आणि दोन्ही वर्धा शहरापासून काही मिनिटांच्या अंतरावर. किती जिल्ह्यांच्या नशिबी हे असतं? पण अपघात शहराच्या मधोमध होत नाहीत. नागपूर-हैदराबाद महामार्ग जाम आणि हिंगणघाटवरून जातो, नागपूर-अमरावती महामार्ग कारंजा घाडगेवरून. समृद्धी महामार्गाचा साठेक किलोमीटरचा तुकडा आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यावर दोन इंटरचेंजच्या मध्ये गाडी उलटली, तर जवळच्या गावातल्या माणसाला ती दिसते, पण तिथे पोहोचायला रस्ता नसतो. म्हणजे जखमी होतात जिल्ह्याच्या कडेला आणि सर्जन बसतात मध्यभागी. मधलं अंतर कुणाच्या हातून कसं कापलं जातं, यावर जीव ठरतो.

आता शरीराचा हिशेब समजून घ्या, कारण त्याशिवाय माझा राग तुम्हाला उगाचचा वाटेल. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं, तर बाहेर थेंबही न दिसता लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकतं. पेल्व्हिस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं फुटलं, तर त्याहूनही जास्त. तरुण माणसाचं शरीर हे बराच वेळ झाकून ठेवतं. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, कपाळावर घाम येतो, पण रक्तदाब टिकलेला असतो आणि माणूस बोलत असतो. मग एकाएकी सगळं कोसळतं. 'अर्ध्या तासापूर्वी तर बोलत होता हो डॉक्टर' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याची मोजदाद नाही. बोलत होता, म्हणूनच तर घाई करायला हवी होती.

डोक्याच्या माराचंही तसंच. बेशुद्ध माणूस पाठीवर पडून असला, की जीभ मागे जाते, उलटी घशात जाते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. पन्नास किलोमीटर दूरचा न्यूरोसर्जन कितीही निष्णात असो, ती मिनिटं तो परत आणू शकत नाही. पहिल्या दारातल्या माणसाने जखमीला नीट कुशीवर वळवलं, जबडा पुढे धरला, सक्शनने तोंड साफ केलं, तरच पुढच्या सर्जनला काही करता येईल.

'पण ग्रामीण रुग्णालयात सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी नाही, आम्ही करणार काय?' हा प्रश्न खरा आहे. डॉक्टरांच्या रिकाम्या जागांवर सरकारला जेवढं झोडपावं तेवढं थोडं. पण वर सांगितलेल्यापैकी कशाला सर्जन लागतो? मोडलेल्या मांडीला स्प्लिंट बांधायला नाही. पेल्व्हिस फुटल्याचा संशय असेल, तर खुब्यांच्या पातळीवर साधी चादर घट्ट आवळून बांधली तरी रक्तस्राव कमी होतो. जखमेवर दाब द्यायला दोन हात पुरतात. आणि एक औषध आहे, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलं जातं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळतं. २०१० साली 'क्रॅश-२' हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस देशांतले वीस हजारांहून जास्त जखमी त्यात होते. पहिल्या तासात हे इंजेक्शन मिळालं, तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. तीन तासांनंतर दिलं, तर फायदा तर नाहीच, उलट अपायाची शक्यता. एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून आणि एक ग्रॅम पुढच्या आठ तासांत, एवढाच डोस. खर्च काही शे रुपये.

पुन्हा वाचा. पहिल्या तासात जीव वाचवणारं, तीन तासांनंतर अपाय करू शकणारं, काही शे रुपयांचं औषध. ते कुठे दिलं जायला हवं? अर्थातच पहिल्या दारात, नाहीतर रुग्णवाहिकेत. आणि आपण काय करतो? सलाईन लावतो, टिटॅनसचं इंजेक्शन देतो, डोक्याला पांढरं बँडेज गुंडाळतो आणि चिठ्ठी लिहितो. टिटॅनसचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं!

आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावाबाहेर रात्री नऊला मोटारसायकल घसरली, असं समजा. गावकरी वीस मिनिटांत पहिल्या केंद्रात नेतात. तिथे नाव, वय, गाव लिहून घेतलं जातं, मग 'इथं काही होत नाही, पुढे न्या'. पुढच्या रुग्णालयात पुन्हा नवा केसपेपर, पुन्हा तीच सलाईन. तिथून गाडी शोधायची. मग वर्धा. तिथे कळतं की सिटी स्कॅन तर होईल, पण मेंदूचं ऑपरेशन दुसरीकडे. अंतर आहे ७०-८० किलोमीटर, सरळ आला असता तर दीड-दोन तास. पण चार दारं फिरून येताना मध्यरात्र उलटते. रस्त्याने घेतलेला वेळ कमी आणि दारांनी घेतलेला जास्त. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने 'गोल्डन अवर'ची व्याख्या घातली आहे: इजा झाल्यापासूनचा एक तास. आपल्याकडे तो तास केसपेपर लिहिण्यात जातो.

इथे वाचकांनाही थोडं बोलून घेतो. डॉक्टर घाईने रेफर करतात, याला आळस हे एकच कारण नाही. 'आपल्या टेबलावर गेला तर?' ही भीती आहे. तोडफोड, शिवीगाळ, गचांडी धरणं हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर चाळीस माणसं उभी राहतात, तेव्हा तो कायदा कपाटात असतो. ज्या गावात जखमीला हात लावणाऱ्या डॉक्टरला मार पडतो, त्या गावातला पुढचा जखमी हात न लावता पुढे पाठवला जाणार. भीती मला समजते. तरी तिच्यापायी बेशुद्ध माणसाला पाठीवर उताणा गाडीत घालणं मला मान्य नाही.

१०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांसह, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी तिची रचना. ही सेवा नसती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. पण गाडीने जखमीला जवळच्या रुग्णालयात न्यायचं की योग्य रुग्णालयात, हा निर्णय कोण घेतं? डोक्याला जबर मार असलेल्याला न्यूरोसर्जन नसलेल्या दारात थांबवण्यात अर्थ नाही. मात्र श्वास अडलेल्याला वाटेतल्या पहिल्या दारात थांबवलंच पाहिजे. हे ठरवण्यासाठी जिल्ह्याचा एक लेखी आराखडा लागतो आणि प्रत्येक गाडीतून पुढे जाणारा एक फोन: 'पंचवीस वर्षांचा मुलगा, बेशुद्ध, अर्ध्या तासात पोहोचतो.' या फोनने ऑपरेशन थिएटर तयार होतं, रक्ताची जुळवाजुळव सुरू होते. त्याला कसली इमारत लागत नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना मंजुरी दिली, त्यात वर्ध्याचं नाव होतं. त्यासाठी हिंगणघाटकर रस्त्यावर उतरले होते आणि त्यांची मागणी रास्त होती. पण तिसरं महाविद्यालय उभं राहिलं तरी पहिल्या दाराची रीत बदलली नाही, तर आपण रेफर करायला एक पत्ता वाढवू, इतकंच.

आता पैशाकडे वळू. अपघाताची वेळ ही माणसाच्या खिशात पैसे असण्याची वेळ नसते, हे आपल्या जिल्ह्याला फार पूर्वी कळलं होतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात आसपासच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीत धान्य घरात आलं, की कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, वर्षभर उपचार मिळायचे. विमा म्हणजे काय, हे याहून सोप्या भाषेत कुणी सांगितलेलं मला माहीत नाही. पैसे घेण्याची वेळ सुगीची आहे, रक्त वाहत असतानाची नाही. त्याच महाराष्ट्रात आज जखमीला स्ट्रेचरवर ठेवून 'आधी डिपॉझिट भरा' म्हटलं जातं आणि कापूस निघायच्या आधीच सावकाराकडे दागिना जातो.

हे बेकायदा आहे, हे तुम्ही पाठ करून ठेवा. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीचा जीव वाचवण्याला प्राधान्य दिलं पाहिजे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. 'पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही' हे उत्तर तेव्हापासून बाद आहे. जखमीला आणणाऱ्याला दिवाणी-फौजदारी झंझटीपासून संरक्षण देणारं कलम, १३४-अ, २०१९ च्या दुरुस्तीने आलं. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे: रस्ते अपघातातल्या कोणत्याही जखमीला, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार योजनेत असलेल्या रुग्णालयात पैसे न भरता. रेशनकार्डाचा रंग विचारायचा नाही. योजना चांगली आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर आली. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्येच पहिल्या ४८ तासांचा उपचार एक लाखापर्यंत मोफत केला होता. आणि डोक्याचं ऑपरेशन, व्हेंटिलेटर, मग आयसीयूतले तीन आठवडे, हा खर्च सात दिवसांत संपत नाही. आठव्या दिवशी काय, हे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर दाखल होतानाच विचारून घ्या, आठव्या दिवशी नव्हे.

सगळे जीव रुग्णालय वाचवू शकतं, असा माझा दावा नाही. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून कार कोसळून सावंगीचे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. त्यांचं स्वतःचं रुग्णालय इतक्या जवळ होतं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर ट्रॅव्हल्स पेटली, २५ जण गेले, त्यात वर्ध्याहून बसलेले अनेक होते. अशा मृत्यूंवर उत्तर वेगमर्यादेत, गाडीच्या बांधणीत, चालकाच्या झोपेत आहे. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. शेतात जातानाही हेल्मेट घाला, लोक हसले तरी.

पण जे घटनास्थळी जिवंत असतात, त्यांचं काय झालं? मृतांचे आकडे दरवर्षी छापून येतात. त्यात वाहन असतं, वेग असतो, हेल्मेट असतं. पहिल्या दारात जखमी किती मिनिटं थांबला, तिथे त्याला काय मिळालं, पुढे फोन गेला का, हे नसतं. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, आमदारांकडे, ग्रामसभेत मागायचं असेल तर हे मागा. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात सक्शन चालू आहे का? स्प्लिंट आहे का? ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड कपाटात आहे का, आणि रात्री त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?

आणि तुमच्यासमोरच कुणी पडला, तर १०८ लावा. वाहत्या जखमेवर स्वच्छ दुपट्टा ठेवून तळहाताने जोरात दाबा आणि सारखं उचलून बघू नका. बेशुद्ध असेल तर पाणी पाजू नका. डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा. घड्याळ बघून अपघाताची वेळ लक्षात ठेवा. पहिल्या दारात पोहोचलात आणि डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले, तर हात जोडून पण ठामपणे विचारा: 'साहेब, रक्त थांबवलं का? रक्तस्रावाचं इंजेक्शन द्यायचं आहे का? पुढच्या दवाखान्यात कुणाशी बोललात, नाव सांगता का?'