मंजुरी कागदावर, गर्दी पुलावर

१५ जून २०२५, रविवार. मावळात इंद्रायणीकाठी कुंडमळ्याला पर्यटकांची झुंबड उडालेली. जुना लोखंडी पूल कोसळला, चौघे दगावले. नव्या पुलाचे पैसे आधीच मंजूर होते. कागद तेवढा फिरत होता.

त्याच मावळात आता लोणावळ्याजवळ टायगर पॉइंटला काचेच्या स्कायवॉकसह पर्यटन प्रकल्प आखलाय. खर्च? सुमारे ३३३ कोटी!

इथल्या पर्यटनस्थळांचे मालक वेगवेगळे: भुशी धरण रेल्वेचे, लोहगड पुरातत्त्व खात्याचा, रान वनखात्याचे. रविवारचा कचरा मात्र नगरपरिषदेच्या नि ग्रामपंचायतींच्या गळ्यात. त्यात लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. पायथ्याची गर्दी वाढणारच. स्कायवॉकच्या तिकिटातला ठरावीक वाटा देखभालीसाठी गावांना मिळेल, हे सरकारने पायाभरणीआधीच लिहून द्यावे.