तिकडची बातमी, इकडची बातमी

परदेशात राहायचं की परत यायचं, हा प्रश्न आपल्याकडे बातम्या बघून सोडवतात. तिकडे गोळीबार झाला की इकडचे म्हणतात, "पुरे झालं, या आता परत." इकडे काही झालं की तिकडचे म्हणतात, "बरं झालं, गेलो नाही." मी दोन्हीकडे राहून दोन्ही ऐकलंय. मला विचाराल तर दोन्ही वाक्यं बिनकामाची आहेत.

११ जुलै २००६ ला मी न्यू जर्सीत होते. मुंबईत ऐन संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, सात स्फोट झाले. आमच्याकडे तेव्हा सकाळ होती. माझा धाकटा भाऊ रोज त्याच सुमाराला चर्चगेटहून बोरिवलीची गाडी पकडायचा. फोन लागेना. टीव्हीवर तोच फाटलेला डबा, पुन्हा पुन्हा... दुपारी एकदाचा आईचा फोन लागला. "आलाय गं. अंधेरीपर्यंत चालत, पुढे कुणाच्या तरी स्कूटरवर. नुसता बसून राहिलाय. ठेवते, त्याला वाढते." दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. त्या आठवड्यात मुंबईच्या 'स्पिरिट'चं केवढं कौतुक झालं! स्पिरिट कसलं, त्याची रजा शिल्लक नव्हती.

नऊ महिन्यांनी उलट. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. आईने मध्यरात्री फोन केला. ते विद्यापीठ आमच्यापासून सात-आठशे किलोमीटरवर, पण तिला नकाशा समजावून काय उपयोग? तिच्यासाठी सगळी अमेरिका त्या एका वर्गाएवढी झाली होती, जशी माझ्यासाठी अख्खी मुंबई त्या एका डब्याएवढी.

२००९ च्या जूनमध्ये आम्ही परत आलो. नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला ताजा होता, लोकांनी वेड्यात काढलं. काहींना वाटलं मंदीत नोकरी गेली असणार (गेली नव्हती! :) ). कारण अगदी साधं होतं. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि धावपळ करायला भाऊ एकटा. बातमीत येण्याजोगं त्यात काहीच नव्हतं.

परत येऊन सुरक्षितता वगैरे मिळाली नाही. मिळालं ते एवढंच, की दुरून जी बातमी आठवड्यात संपते ती इथे किती वर्षं चालते हे कळलं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने लोकल स्फोटांसाठी १२ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी. जुलै २०२५ मध्ये, १९ वर्षांनी, उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत चालणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही. भावाने पेपर घडी करून ठेवला आणि विचारलं, "मग केलं कुणी?" कुणी काय सांगणार त्याला.

त्याच सप्टेंबरात ताईचा मुलगा डॅलसहून गणपतीला आला होता. परत जायला आठवडा होता. शनिवारी सकाळी बातमी आली: एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर, उद्यापासून! घरात नुसता गोंधळ. कोणी विमानाची तिकिटं बघतोय, कोणी "येच कायमचा, इथे काय कमी आहे" म्हणतोय. एका दिवसात खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांसाठी आहे, आणि सगळे हुश्श करून जेवायला बसले. मी भाच्याला विचारलं, तुला काय हवंय? म्हणाला, "मावशी, मला काम तिथलंच आवडतं. मुलीची शाळाही चांगली आहे." छान आहे की मग! हे बोलायला लाख डॉलरची बातमी कशाला लागते?

तो ताईचा एकुलता एक. ती बहात्तर वर्षांची, एकटी राहते, दोन जिने चढते, आणि डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. दिवसभर एवढी चर्चा झाली, पण त्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. तिनेही नाही.