एक रुपयाचे तिकीट आणि उरलेला हिशेब

धागा : भारतातील स्वस्त विमानप्रवासाचा इतिहास साधारणपणे असा सांगितला जातो. सरकारी विमानसेवा महाग होती, तिची मक्तेदारी होती; मग २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ नावाचे एक निवृत्त लष्करी अधिकारी आले, त्यांनी ‘एअर डेक्कन’ काढली, एक रुपयाला तिकीट विकले आणि सामान्य माणूस आकाशात गेला. ‘सूरराई पोट्रु’ या २०२० च्या तमिळ चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. कथा खोटी नाही, परंतु ती अर्ध्यावर थांबते. एक रुपयाच्या तिकिटाचा उरलेला खर्च कोणी दिला, हा प्रश्न तिच्यात येतच नाही.

आणि जवळच्या पल्ल्याच्या हवाई मार्गाचा सारा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

कारण अगदी साधे आहे. विमानाचे इंधन उड्डाण करताना आणि उंची गाठताना सर्वाधिक वेगाने जळते. विमानतळाचे शुल्क, तपासणी, चढउतार यांचा खर्च चारशे किलोमीटरला जवळजवळ तेवढाच येतो, जेवढा चौदाशेला. शिवाय विमान जमिनीवर उभे असते तेव्हा ते कमावत नाही, आणि छोट्या मार्गावर त्याचा बराच दिवस जमिनीवरच जातो. म्हणजे अंतर कमी झाले की भाडे कमी व्हावे ही प्रवाशाची अपेक्षा रास्त असली, तरी खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. त्यात भारतात या मार्गांची स्पर्धा रात्रीच्या रेल्वेशी आणि आरामबसशी असते.

आता मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. लंडनहून कराचीपर्यंत आलेली पत्रे पुढे मुंबई, बेल्लारी, मद्रास अशी जात. सरकारी अनुदान नव्हते. कमाई टपालावर होती. पुढे एखादा धाडसी प्रवासी त्या पिशव्यांसोबत बसू लागला, तेव्हा त्याच्या प्रवासाचा मुख्य भार पत्र पाठवणारा उचलत होता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. तिथेही विमान उडे ते पत्रांच्या जोरावर.

१९५३ च्या कायद्याने देशांतर्गत उड्डाणे करणाऱ्या आठ कंपन्या ‘इंडियन एअरलाइन्स’मध्ये विलीन झाल्या. (त्यांत निजाम सरकार आणि टाटा यांची ‘डेक्कन एअरवेज’ही होती. दख्खनच्या नावाने उडणारी पहिली कंपनी २००३ ची नव्हे, हे लक्षात असू द्यावे.) मक्तेदारीचे दोष अनेक होते आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र मुंबई–दिल्लीसारख्या मार्गावरची कमाई छोट्या शहराच्या तोट्यात घालण्याची सोय त्या रचनेत होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९८१ मध्ये निघालेली ‘वायुदूत’ ही तर मुळात ईशान्येकडील लहान धावपट्ट्यांसाठीच होती. ती आर्थिकदृष्ट्या कोलमडली, आणि तिची आठवण आज केवळ सरकारी अपयशाचा दाखला म्हणून काढली जाते. हा निवाडा घाईचा आहे. जे मार्ग तिच्या वाट्याला आले, ते नफ्यात चालवून दाखवणारा कोणी नंतरही सहजासहजी सापडला नाही.

१९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी एक नियमही आला : मुख्य मार्गांवर जेवढी क्षमता वापराल, तिच्या किमान दहा टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागांत वापरा. बाजार खुला करणाऱ्यांनाही ठाऊक होते, की बाजार आपण होऊन तिकडे जाणार नाही.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २००३ मधले बेंगळुरू–हुबळी उड्डाण पाहावे. ४८ आसनांचे एटीआर विमान, फुकट जेवण नाही, आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ हे बोधचिन्ह. हे धाडस खरोखरच मोठे होते. पण एक रुपयाची तिकिटे मोजकी असत आणि कर वेगळे. शेजारच्या आसनावर उशिरा तिकीट काढणारा प्रवासी कित्येक पट भरत असे, आणि त्यानेही न भरलेली तूट भागधारक सोसत. चार-पाच वर्षांत कंपनी ‘किंगफिशर’मध्ये विलीन झाली, २०१२ मध्ये ‘किंगफिशर’ही जमिनीवर आली. लक्ष्मण यांचा तो माणूस वर्षानुवर्षे एक शब्द न बोलता सगळे पाहत राहिला. बोधचिन्ह म्हणून त्याची निवड फारच समर्पक ठरली.

‘उडान’ योजनेने निदान हिशेब उघड मांडला. तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये, हा दर विमानातील साधारण निम्म्या आसनांना; तूट भरून काढायला तीन वर्षे निधी; तो निधी मुख्य मार्गांवरील उड्डाणांवर आकार लावून, शिवाय राज्याचा वाटा. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली या मार्गासोबत नांदेड–हैदराबाद सेवेलाही हिरवा झेंडा मिळाला. त्याच डिसेंबरात गोपीनाथ छोटी विमाने घेऊन परतले आणि मुंबई–जळगाव सेवा सुरू झाली. गच्च भरलेल्या मुंबई विमानतळावर छोट्या विमानाला सोयीची वेळ मिळणे हीच मोठी लढाई होती. ती सेवा नीट रुळलीच नाही, आणि नांदेडला ‘उडान’चे पहिले विमान आणणारी कंपनी २०२२ मध्ये बंद पडली.

महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल हे चित्र आकड्यांत दाखवतो. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले. त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. निधी थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ते ५४.

यावरून योजना फसली असे म्हणणे सोपे आहे. खरे तर फसले ते तिच्यामागचे गृहीतक : तीन वर्षे हात धरला की छोटा मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो. १९३२ पासूनच्या इतिहासात त्याला फारसा आधार नाही. तोट्यातली मुक्कामी एसटी तीन वर्षांनी नफ्यात येईल, अशी अट कोणी घालत नाही. ती सेवा आहे हे मान्य करूनच गाडी गावात जाते. जळगाव किंवा नांदेडचे विमान अशी सेवा आहे की नाही, हा वादाचा विषय जरूर आहे. विमानात बसणाऱ्याच्या तिकिटाला राज्याच्या तिजोरीतून पैसे का द्यावेत, हा आक्षेप वजनदार आहे, आणि ज्या तालुक्यात एसटीच्या फेऱ्या कमी होत आहेत तिथे तो अधिकच टोचतो. पण तो वाद ‘सेवा की व्यापार’ असा सरळ व्हायला हवा. धावपट्टीचे उद्घाटन सेवा म्हणून करायचे आणि चौथ्या वर्षी हिशेब व्यापाराचा लावायचा, यात त्या शहराची फसवणूक होते.

अमेरिकेने १९७८ मध्ये विमानवाहतूक खुली केली. त्याच कायद्यात छोट्या गावांची उड्डाणे तुटू नयेत म्हणून अनुदानाची तरतूद होती, मुदत दहा वर्षांची. ती दहा वर्षे १९८८ मध्ये संपली. अनुदान अजून चालू आहे.