छातीचं माप पाठ, कमरेचं नाही



मेटाबॉलिक सिंड्रोम हे शहरी, लठ्ठ माणसांचं दुखणं, खेड्यातल्या कॉलेजच्या मुलांना त्याची भीती नाही, हे एका पत्रलेखकाचं म्हणणं पटलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथली बाळं वजनाला कमी भरली, तरी अंगात चरबी टिकून होती. म्हणजे सडपातळ मुलगाही निर्धास्त नाही.

आमच्याकडे पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या मुलांना छाती ७९ सेंटिमीटर हवी, हे तोंडपाठ. कमर मुलांची ९०, मुलींची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, हे विचारलं की गप्प! कमर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल यांतली तीन बिघडली की हा सिंड्रोम. विद्यापीठाने प्रवेशावेळीच कमर आणि रक्तदाब मोजावा.

– एक शिक्षक, देवगाव रंगारी